पायाखालचे तीन थर

थ्रेड : वास्तूंचा इतिहास बहुधा कमानींवरून आणि कळसांवरून सांगितला जातो. खडकवासल्याच्या एका जुन्या घरात तो जमिनीतून निघाला.

घरात सिरॅमिक टाइल्स बसवायच्या होत्या. मुलाचा बेत असा, की जुन्या शहाबादीवरच नवी फरशी चिकटवावी. खर्चही वाचेल आणि धूळही होणार नाही. मिस्त्रींनी थापीच्या मुठीने ठोकत सारी खोली पालथी घातली. चार ठिकाणी पोकळ आवाज आला. "खालचंच हलतंय काका, वरचं कसं टिकणार?" फरशी उचलणे भाग पडले.

शहाबादी म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसराचा करडा चुनखडक. मुंबई–मद्रास लोहमार्ग १८७१ मध्ये जोडला गेला तो याच वाटेने. जड दगडाला रेल्वे मिळाली, की त्याचा बाजार किती दूर जातो, हे पश्चिम महाराष्ट्रातील कुठल्याही जुन्या ओटीवर पाहावे.

शहाबादीखाली धुमसाने चोपलेला मुरूम लागला आणि त्याखाली शेणसारवणाचे पापुद्रे. ते आजींनी ओळखले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही. तेव्हा त्या या घरात नव्या सूनबाई होत्या आणि ही जमीन त्यांच्या हातची होती. (ते मूळ धरण दगड-चुन्याचे. त्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा भारतात सिमेंटचा कारखानाच नव्हता.)

सारवणाचा एक गुण आज विसरला गेला आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पण सारवणारा हात दर आठवड्याला ती भेग बुजवतो. टाइलला अशी दुरुस्ती मानवत नाही. हजार अंशांहून अधिक तापमानात भाजलेली ती वस्तू वाकत नाही. वर्षानुवर्षे ओलावा शोषून ती किंचित वाढते, खालचा सिमेंटचा माल मात्र आकसतो. सांधे न ठेवता टाइल्स भिडवल्या, तर एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन मधली रांग तंबूसारखी उभी राहते. भूकंप समजून घराबाहेर धावलेली माणसे पुण्यात कमी नसावीत!

म्हणून मिस्त्रींनी घाई केली नाही. पाण्याच्या नळीने पातळी घेतली, मोरीकडे उतार दिला, टाइलच्या पाठीला कोपऱ्यांपर्यंत माल भरला. दोन टाइल्समध्ये तीन मिलिमीटरची फट सोडली आणि भिंतीलगतही जागा राखली. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दर्जा भरल्या त्या दुसऱ्या दिवशी.

अडचण निराळीच निघाली. आजींची दृष्टी अधू झाली आहे. कुठली शहाबादी खचलेली, कुठली खडबडीत, यावरून त्यांचे पाय घर ओळखत. सपाट, गुळगुळीत जमिनीवर त्या भिंत धरून उभ्या राहिल्या. कोणी काही बोलले नाही. चकचकीत टाइल्सचे उरलेले खोके दुकानात परत गेले, बदली खरखरीत पृष्ठाच्या आल्या. स्वयंपाकघराच्या दारात मिस्त्रींनी जुन्या शहाबादीचा एक तुकडा घासून बसवला, बोटभर उंच ठेवून.

आजी आता तिथे आल्या, की क्षणभर थांबतात आणि मग पाय उचलून आत जातात.