आधी खोडा, मग मांडा

सुडोकूच्या वर्गात मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: "पेपरातलं सोपं कोडं चहा संपेपर्यंत सुटतं, पण 'अतिकठीण' लिहिलेलं अर्ध्यावर अडतं. मग अंदाजानं एखादा अंक टाकून पाहायचा का?" माझं उत्तर एका शब्दाचं असतं: नाही. त्या 'नाही'मागची कारणं सांगायला मात्र थोडी जास्त जागा लागते.

कठीण कशाला म्हणायचं, हे आधी ठरवू. दिलेले अंक जितके कमी तितकं कोडं अवघड, अशी बहुतेकांची समजूत असते. एकच उत्तर असलेल्या सुडोकूत निदान किती अंक द्यावे लागतात, याचा निकाल डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२च्या आरंभी संगणकाच्या मदतीनं लावला. तो आकडा १७. सोळा अंक देऊन असं कोडं होऊच शकत नाही. ऑस्ट्रेलियातले गणिती गॉर्डन रॉयल यांनी १७ अंकांची ४९ हजारांहून जास्त कोडी गोळा केली आणि त्यांतली पुष्कळशी अगदी साध्या निरीक्षणानं सुटतात. उलट फिनलंडचे आर्तो इंकाला यांच्या २००६ मधल्या ज्या कोड्याचा 'जगातलं सर्वांत कठीण' म्हणून गाजावाजा झाला, त्यात चांगले २३ अंक दिलेले आहेत. म्हणून मी कोडं रचतो तेव्हा दिलेले अंक मोजून त्याची पातळी ठरवत नाही. वाटेतली सर्वांत अवघड पायरी चढायला कोणता युक्तिवाद लागतो, ते पाहतो.

या लेखापुरते शब्द ठरवून घेऊ. आडवी ती रांग, उभा तो स्तंभ, तीन गुणिले तीनची ती चौकट आणि एक अंक मावतो ते घर.

नवखा माणूस एखाद्या घराकडे बघतो आणि विचारतो, 'इथे कोणता अंक?' याचं उत्तर काढायला त्या घराशी बांधलेली वीस घरं धुंडाळावी लागतात. 'या चौकटीत ७ कुठे?' हा उलटा प्रश्न डोळ्यांना फार सोपा जातो, कारण तेव्हा फक्त आधी बसलेले ७ पाहायचे असतात. एप्रिल २००८ मध्ये तिसरी जागतिक सुडोकू स्पर्धा गोव्यात झाली आणि अमेरिकेचे थॉमस स्नायडर तिथे सलग दुसऱ्यांदा जगज्जेते ठरले. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी नोंदींची पद्धत याच उलट्या प्रश्नावर उभी आहे. एखादा अंक चौकटीतल्या नेमक्या दोनच घरांत बसू शकत असेल, तरच तो त्या घरांच्या कोपऱ्यात बारीक लिहायचा. तीन जागा असतील तर लिहायचाच नाही. त्यामुळे कागद मोकळा राहतो आणि जे लिहिलंय ते कामाचं असतं. दोन्ही नोंदी एकाच रांगेत पडल्या, तर त्या रांगेच्या उरलेल्या भागातून तो अंक बाद. दोन वेगवेगळ्या अंकांच्या नोंदी नेमक्या त्याच दोन घरांत पडल्या, तर ती घरं त्या दोघांची झाली. तिसऱ्याला तिथे शिरकाव नाही.

मध्यम कोडी एवढ्यावर संपतात. कठीण कोड्यात मात्र एक टप्पा असा येतो की बसवण्यासारखा एकही अंक दिसत नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. या टप्प्यावर अंक बसवायचा विचार सोडून द्यावा आणि प्रत्येक रिकाम्या घरात सगळे शक्य अंक लिहून काढावेत. इथून पुढचं काम खोडरबराचं. अवघड युक्त्यांपैकी बहुतेक युक्त्या थेट अंक देत नाहीत. एखादा शक्य अंक खोडून देतात. असे दोन-चार अंक खोडले गेले की कुठेतरी एक घर आपोआप उघडं पडतं.

या युक्त्यांची नावं ऐकून माणूस दचकतो, पण त्यांतल्या निम्म्याअधिक एकाच हिशेबातून निघतात: जितके अंक तितकीच घरं. एका रांगेतल्या तीन घरांत मिळून २, ५ आणि ८ एवढेच अंक शक्य असतील, तर ते तिन्ही तिथेच संपणार. रांगेतल्या बाकीच्या घरांतून २, ५, ८ खोडा. प्रत्येक घरात तिन्ही अंक दिसायला हवेत असं नाही. एकात २-५, दुसऱ्यात ५-८, तिसऱ्यात २-८ असलं तरी हिशेब तोच. हाच हिशेब उलट बाजूनंही मांडता येतो. रांगेत सात घरं रिकामी असतील आणि तीन घरांनी तीन अंक अडवले असतील, तर उरलेले चार अंक उरलेल्या चार घरांतच असणार. उघडं त्रिकूट आणि दडलेली चौकडी ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपं आहेत. दोघांपैकी जे लहान असेल ते शोधावं.

आता हाच हिशेब एकाच अंकाला लावू. समजा दुसऱ्या रांगेत ७ फक्त तिसऱ्या किंवा आठव्या स्तंभात बसू शकतो आणि सहाव्या रांगेतही तो त्याच दोन स्तंभांत बसू शकतो. दोन रांगांना दोन ७ हवेत आणि दोघांना मिळून स्तंभ दोनच. म्हणजे तिसऱ्या आणि आठव्या स्तंभांचे ७ या दोन रांगांनी वापरून टाकले. त्या स्तंभांमधल्या इतर सगळ्या घरांतून ७ खोडा. याला एक्स-विंग म्हणतात. तीन रांगा आणि तीन स्तंभ असतील तर स्वोर्डफिश, चार-चार असतील तर जेलीफिश. पाचाचा मासा शोधायची वेळच येत नाही. पाच रांगांनी पाच स्तंभ अडवले, तर उरलेल्या चार स्तंभांमधला तो अंक उरलेल्या चार रांगांतच असणार, म्हणजे उलट बाजूनं तो जेलीफिशच. हे सापडत नाही असं पुष्कळ जण म्हणतात, कारण ते नऊच्या नऊ अंक एकदम बघतात. एक अंक निवडावा आणि पूर्ण पटावर फक्त तोच बघावा. चार-पाच जागी बसून गेलेला अंक यासाठी सर्वांत सोयीचा.

दुसरं घराणं साखळ्यांचं. इथे कच्चा माल म्हणजे दोनच अंक शक्य असलेली घरं. दुसऱ्या रांगेच्या दुसऱ्या स्तंभात २ किंवा ५ आहे. त्याच रांगेत सातव्या स्तंभात २ किंवा ८. दुसऱ्याच स्तंभात खाली सहाव्या रांगेत ५ किंवा ८. पहिल्या घरात २ आला तर त्याच्या रांगेतल्या जोडीदाराला ८ घ्यावाच लागेल. ५ आला तर स्तंभातल्या जोडीदाराला ८ घ्यावा लागेल. दोहोंपैकी एका ठिकाणी ८ नक्की. मग त्या दोघांच्याही टापूत येणाऱ्या, म्हणजे सहाव्या रांगेतल्या सातव्या स्तंभातल्या घरात ८ असू शकत नाही. या युक्तीचं नाव एक्सवाय-विंग. ती पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पकडली की कठीण सुडोकूची भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

तिसरी जात जरा वेगळी आणि वादाचीही. चौथी व पाचवी रांग आणि दुसरा व आठवा स्तंभ यांच्या छेदावरची चार घरं घ्या. ही घरं दोनच चौकटींत पडतात. चारही रिकामी आहेत, त्यांतल्या तीन घरांत फक्त ४ आणि ९ शक्य आहेत आणि चौथ्यात ४, ९ व ६. चौथ्यात ६ नसेल, तर चारही घरांत ४ आणि ९ची अदलाबदल करता येईल. कुठल्याच रांगेचा, स्तंभाचा किंवा चौकटीचा नियम मोडणार नाही, म्हणजे कोड्याला दोन उत्तरं होतील. उत्तर एकच असल्याचा रचणाऱ्याचा शब्द आहे, म्हणून तिथे ६. हा युक्तिवाद पटावरच्या अंकांइतकाच रचणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभा आहे, म्हणून काही जण तो वापरत नाहीत. मी सोडवताना वापरतो, पण स्वतः रचलेलं कोडं तपासताना कधीच नाही. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरून कसं चालेल?

निखळ सौंदर्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. मधल्या चौकटीला लागून तिच्याभोवती सोळा घरांचं एक कडं असतं. पटाच्या चार कोपऱ्यांत दोन गुणिले दोनचे चार तुकडे असतात. तीही घरं सोळाच. कुठल्याही पूर्ण सुटलेल्या सुडोकूत या दोन्ही ठिकाणी नेमके तेच अंक तितक्याच वेळा येतात. कारण असं: तिसरी व सातवी रांग आणि मधल्या चौकटीच्या डाव्या-उजव्या चौकटी घेतल्या, तर त्यात १ ते ९चे चार संच येतात. पहिला, दुसरा, आठवा आणि नववा स्तंभ घेतला, तरी चार संच येतात. दोन्हीकडे सामाईक असलेली घरं वगळली की एकीकडे कडं उरतं, दुसरीकडे कोपरे. फिस्टोमेफेल हे टोपणनाव घेणाऱ्या जर्मन कोडेकाराच्या नावानं हे कडं ओळखलं जातं. नेहमीच्या कोड्यात त्याचा उपयोग क्वचितच होतो, पण जादा नियमांच्या सुडोकूत ते किल्लीचं काम करतं.

आता पुन्हा अंदाजाकडे. अंक टाकून पाहणं आणि चुकला तर मागे फिरणं ही संगणकाची रीत. कंटाळा न येणाऱ्या आणि काही न विसरणाऱ्या यंत्राला ती शोभते. सुडोकूचा इतिहासही यंत्र आणि हात असा दुहेरी आहे. इंडियानापोलिसचे वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांचं कोडं १९७९ साली डेल या प्रकाशनसंस्थेच्या मासिकात छापलं गेलं. १९८४ पासून जपानच्या निकोली या प्रकाशनसंस्थेनं ते हातानं रचण्याची कला वाढवली. पुढे हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी कोडी तयार करणारी संगणकप्रणाली लिहिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मधून सुडोकू जगभर पोहोचलं.

कुणी विचारेल, 'हा असेल तर तो' म्हणणारी साखळी हासुद्धा अंदाजच की! फरक असा की अंदाजात एक शक्यता खरी मानून पुढे जावं लागतं, तर साखळीचा निष्कर्ष दोन्ही शक्यतांत खरा असतो. इंकालांच्या कोड्यांत साखळ्या इतक्या लांबतात की ही रेघ पुसट होते, हे मान्य. माझी कसोटी साधी आहे. पेन्सिल न टेकवता युक्तिवाद डोक्यात मावला आणि दुसऱ्याला दोन वाक्यांत पटवता आला, तर ती युक्ती; बाकी सगळं खोदकाम.

या सुट्टीत एखादं अडलेलं कोडं काढा. सगळे शक्य अंक लिहा, मग एकेक अंक घेऊन एक्स-विंग शोधा, त्यानंतर दोन अंकांची घरं जोडून पाहा. तरीही अडलं तर कागद बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी बघा, पण अंदाजानं अंक टाकू नका. तसं सोडवलेलं कोडं पूर्ण भरतं खरं, पण पुढच्या कोड्याला उपयोगी पडेल असं त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.