नासपातीची पिशवी

श्रावण सरत आला होता. नाशिकहून मोखाड्याला जाणाऱ्या एसटीत मी मांडीवर दोन किलो नासपातीची पिशवी सांभाळत बसले होते. माझी मैत्रीण पोशेऱ्यात शिक्षिका आहे. तिच्या घरमालकीण आजींच्या नातवंडांसाठी काहीतरी वेगळं न्यावं म्हणून मी हे काश्मीरचं फळ घेतलं होतं.

त्र्यंबक मागे पडलं आणि तोरंगण घाटात ढग खिडकीतून आत आले. उतारांवर नागली आणि वरई, खाचरांत गुडघाभर भात. डोळ्यांना हे सगळं भरलेलं दिसतं, पण डोंगरातल्या घरांत हेच दिवस ओढीचे. जुनं धान्य तळाला गेलेलं असतं आणि नवं अजून शेतात उभं असतं. इथून जवळच, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने मुलं दगावली. ते नाव आठवल्याशिवाय मला हा रस्ता ओलांडता येत नाही.

मोखाड्याला उतरून जीपने पोशेऱ्यात पोचले तेव्हा पाऊस उघडला होता. वरच्या तीन-चार नासपाती धक्क्यांनी डागाळल्या होत्या, बाकीच्या अजून कडक होत्या. या फळाची तऱ्हा अशी, की झाडावर पिकू दिलं तर ते गाभ्याकडून पिठूळ होत जातं. म्हणून ते कडक असतानाच उतरवतात आणि घरी पिकवतात. देठाजवळ अंगठ्याने दाबून जरा मऊ लागलं, की खायचं. सालीसकट खावं, कारण चोथ्याचा मोठा वाटा सालीत असतो. एका मध्यम फळातून पाचेक ग्रॅम चोथा मिळतो आणि उष्मांक शंभराच्या आसपास.

आजींनी पाट दिला, कोरा चहा दिला. मी फोडी करून मुलांपुढे ठेवल्या. चौथीतला नातू बराच वेळ चावत राहिला.

“बाई, हा पेरूच आहे ना?”

“का रे?”

“दाताला तसाच रवाळ लागतो. बिया नाहीत फक्त.”

मी चकित झाले. पोराने एका घासात बरोबर ओळखलं होतं. नासपातीच्या गरात कडक, लाकडासारख्या भिंतींच्या पेशींचे बारीक पुंजके असतात, आणि पेरूच्या गरातही तसेच असतात. बाकी ही दोन झाडं एकमेकांची कोणी नव्हेत. नासपाती सफरचंदाच्या कुळातली, तर पेरू जांभळाच्या. पण भाषेनेही त्यांना जोडून ठेवलं आहे. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून पेरू इकडे आणला. त्यांच्या भाषेत नासपातीला ‘पेरा’ म्हणतात, आणि तोच शब्द आपल्याकडे ‘पेरू’ होऊन राहिला. १७३९ पर्यंत पोर्तुगीज आताच्या याच पालघर जिल्ह्यातल्या वसईत होते. पाव, बटाटा, अननस या शब्दांसारखाच हाही त्यांच्या गलबतांतून उतरला, आणि आता डोंगरातल्या परसात तो कुणाला परका वाटत नाही.

आजी उठल्या आणि मागल्या दाराने मला परसात घेऊन गेल्या. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं पेरूचं वाकडं झाड, पावसाळी बहराने लगडलेलं. पावसाळी पेरूला हिवाळ्यातल्यासारखी गोडी नसते, शिवाय त्यात अळ्या पडतात. “फोडून बघून खायचा,” आजी म्हणाल्या. पोरांचं पोट बिघडलं की त्या याच झाडाचा कोवळा पाला उकळून देतात.

तिथे उभ्या उभ्या मी मनाशी हिशोब केला. शंभर ग्रॅम नासपातीत ‘क’ जीवनसत्त्व चार-पाच मिलिग्रॅम, तेवढ्याच पेरूत दोनशेच्या वर. चोथाही पेरूतच जास्त. आणि इथल्या ताटात नागलीची भाकरी असते. नागलीतलं लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणजे भाकरी चुलीवर होती आणि तिचा जोडीदार दहा पावलांवर लोंबत होता. मी मात्र हिमालयाकडचं फळ घाटातून घेऊन आले होते. अमृत आहार योजनेत अंगणवाडीतल्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, ते चांगलंच आहे. पण प्रत्येक अंगणवाडीच्या कुंपणाशी पेरूची दोन-चार झाडं असावीत असं मला त्या क्षणी फार वाटलं. सांडपाण्यावर जगतात, लावल्यापासून दोन-तीन वर्षांत फळ देतात. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे याहून सोसणारं फळझाड मला तरी सुचत नाही.

संध्याकाळी आजींनी दोन करकरीत पेरू, हिरवी मिरची, मीठ, लसूण असं पाट्यावर घेतलं. मग पिशवीतली एक नासपाती उचलून हातात फिरवली, नखाने टोचून पाहिली आणि तिचेही तुकडे त्यातच टाकले. वरवंटा फिरू लागला. नागलीच्या गरम भाकरीवर ती चटणी घेऊन आम्ही चुलीजवळ बसलो. नासपातीने तिला पाणीदार गोडवा आणला होता.

आजींनी बोटाने चाखली.

“गोड आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण हिला एकटीला वाटून भागणार नाही. पेरू हवाच.”

आणि त्यांनी नातवाला अंधारात आणखी दोन पेरू काढायला पिटाळलं.