नाव घातलेली भांडी

जमिनीची वाटणी होते तेव्हा तलाठी असतो, मोजणीवाला असतो, सातबाऱ्याचा उतारा असतो. कराडच्या आसपास उसाच्या बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. पण ते भांडण निदान गुंठ्यांत मांडता येतं. आईच्या ट्रंकेतल्या नऊवारीला, तिच्या पितळी पुरणयंत्राला कसला आलाय गट नंबर?

आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर दादानं आम्हां बहिणींना सोमवार पेठेतल्या घरी थांबवून घेतलं आणि माळ्यावरची भांडी खाली काढली. बंब, घंगाळ, परात, कळशी. प्रत्येकावर नाव घातलेलं. कुठे मावशीचं, कुठे आत्याचं, कुठे नुसतीच लग्नाची तारीख. कुणी दिलं ते भांड्यावर लिहिलेलं होतं. पुढे कुणी घ्यायचं, ते कुठेच नव्हतं.

पुरणयंत्रापाशी गाडी अडली. ताई म्हणाली, "आई नेहमी म्हणायची, हे तुझंच." वहिनी हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, या घरात आल्यापासून दर होळीचं पुरण मीच वाटलंय यात." दोघीही खरं बोलत होत्या. मोडीत घातलं असतं तर किलोच्या भावानं चार पैसे आले असते, पण दोघींपैकी एकीलाही ते नको होते. लग्न होऊन गेलेल्या लेकीचं या घरात काही उरलं आहे का, हे ताईला हवं होतं. सासूनं आपल्याला आपलं मानलं होतं का, हे वहिनीला. उत्तर देणारी मात्र गेली होती.

कायदा इथे थोडंच सांगतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या बाईच्या मालमत्तेवर मुलगा, मुलगी आणि नवरा यांचा सारखा हक्क. त्या पहिल्या वारसांत सून नाही. जिनं ती भांडी चिंच लावून घासली, तिचा त्यांच्यावर कागदोपत्री काडीचाही हक्क नाही. हे मला फार लागतं.

त्याहून जुनं एक शहाणपण मात्र कामी आलं. कराडच्या शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा ज्या चालुक्य विक्रमादित्याला दिली, त्याच्याच राज्यात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वाटणीच्या प्रकरणात तो विहिरीबद्दल सांगतो, की तिची किंमत करून वाटे पाडू नयेत. भावांनी ती पाळीपाळीनं वापरावी. आणि बापाची वस्त्रं, अलंकार, अंथरूण? ती गंध-फुलांनी पुजून श्राद्धाला जेवणाऱ्याला द्यावीत, असं बृहस्पतीचं वचन तो देतो. गेलेल्या माणसाच्या अंगाखांद्यावरच्या वस्तूचा भाव करायचा नाही, ती मानानं घराबाहेर पाठवायची, हे मला पटतं.

आमच्याकडे भावकीत देवाची पाळी असतेच. दादानं तीच तोड काढली. पुरणयंत्र एक वर्ष ताईकडे, एक वर्ष वहिनीकडे; आणि ज्या घरी यंत्र, त्या घरी होळीला सगळ्यांनी जेवायला जायचं. बाकीची भांडी धाकट्यापासून सुरू करून एकेकानं एकेक उचलली. नऊवारी मी घेतली. तिच्या पदराला अजून कापराचा वास आहे.

सोन्याला मात्र पाळी लावू नये. पाटल्या सोनाराकडे तोलून, हिशेब कागदावर मांडून ज्याच्या त्याच्या हवाली कराव्यात. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि वर एक साडी देऊन तिची बोळवण करायची, हा आपल्याकडचा रिवाज तर मला सरळ अन्याय वाटतो. तिचा हिस्सा तिला द्या. सोडायचा की ठेवायचा ते तिचं ती ठरवील.

ज्यांच्या घरी आई-वडील अजून आहेत, त्यांना माझं एकच मागणं आहे. एखाद्या दुपारी त्यांच्यासोबत माळा उघडा, कोणतं भांडं कुणाचं ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि लिहून घ्या. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. आणि वडीलधाऱ्यांनो, त्या कागदावर लेकीबरोबर सुनेचंही नाव घाला.