लेखनिकाची मान

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिकांचा एक संस्कृत श्लोक अनेकदा आढळतो. पाठ, कंबर आणि मान मोडून, दृष्टी खिळवून, अधोमुख बसून हे कष्टाने लिहिले आहे. तेव्हा ग्रंथ जपून ठेवा, असा त्याचा आशय. एम.ए.च्या वर्गात तो आम्ही केवळ कुतूहलाने वाचला होता. विशीत मानेचे अस्तित्व कुणाला जाणवते?

ते जाणवले चाळिशी ओलांडल्यावर. गेल्या उन्हाळ्यात आरमोरीतील घरी पलंगावर मांडी घालून उत्तरपत्रिका तपासत होतो. चौथ्या दिवशी मानेतून निघालेली कळ दंडात उतरली, करंगळीला मुंग्या आल्या आणि लाल पेन हातून निसटले. लिहिणारा हातच गेला तर उरणार काय, या भीतीने ती रात्र डोळ्यांत काढली.

हाताला बधिरपणा वा अशक्तपणा आला तर मलम चोळत बसू नये, तत्काळ तपासून घ्यावे, हे डॉक्टरांनी पहिल्यांदा बजावले. सुदैवाने कायमची इजा नव्हती. डोक्याचे वजन सुमारे 5 किलो. परंतु मान पुढे झुकली की तिच्यावरचा ताण कैक पटींनी वाढतो, आणि तो आम्ही तासन्‌तास न हलता सोसत होतो. शिवाय कितीही निर्दोष बैठक असली, तरी तीत अवघडून राहणे वाईटच.

पुढे श्रावणात एक विद्यार्थिनी आठवडाभर गैरहजर राहिली. आम्ही किंचित रागानेच विचारले. ती म्हणाली, "सर, रोवणा होता. कंबर धरली होती. पण पऱ्हे वाट पाहत नाहीत ना!"

आम्ही निरुत्तर झालो. वैनगंगेकाठच्या या भातपट्ट्यात बायका दिवसदिवस चिखलात वाकून असतात. 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतील खेड्यांतल्या पाठदुखीचा मुद्दाम अभ्यास केला, तो उगाच नव्हे. त्या बायकांना उठण्याची मुभा नसते. आम्हांला ती होती. उठलो मात्र नाही. वाकून बसण्यालाच आम्ही व्यासंग समजत आलो होतो.

आता पलंग सुटला. खुर्चीत पाठ टेकलेली, तळपाय जमिनीवर, उत्तरपत्रिकांखाली जुन्या मुनिमांच्या मेजासारखी उतरती फळी. लॅपटॉप विश्वकोशाच्या खंडांवर चढवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला. टंकनासाठी वेगळा कळफलक घेतला, म्हणजे कोपर अंगालगत राहते. अर्ध्या तासाने उठून खांदे मागे फिरवतो, अंगणात चक्कर मारतो. दुखणे पुरते गेले असे नाही. पण पेन हातात आहे.

तो श्लोक आम्ही अजूनही शिकवतो. लेखनिकाने ग्रंथ जपायला सांगितले, स्वतःला जपा असे त्याला कुणी सांगितले नसावे. म्हणून तास अर्ध्यावर आला की आम्ही सारा वर्ग दोन मिनिटे उभा करतो. रोवणीच्या दिवसांत मागच्या बाकांवरच्या काही मुली त्यानंतरही उभ्याच राहतात. त्यांना आम्ही बसा म्हणत नाही.