शिंगाला बेगड, खांद्यावर जू

आपल्या वऱ्हाडात पूर्वी ओझ्याला बंडी आणि माणसांना दमणी, अशी सरळ वाटणी होती. बंडीला कोणी फारसे नटवत नसे आणि दमणीत कोणी शेणखत भरत नसे. ज्याच्या दारात चांगली दमणी, त्याचा सोयऱ्याधायऱ्यांत मान. ही वाटणी मोडली ती जीपगाडीने. मिरवायलाही तीच आणि राबायलाही तीच. अशाच एका जुन्या जीपची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते, कारण तिच्यात आपल्या घरोघरच्या हौसेचा प्रश्न आहे.

जीप जन्मली ती लढाईसाठी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून 6 लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. लढाई संपली त्याच वर्षी, म्हणजे 1945 साली, विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांपुढे मांडली. मागे अवजार ओढायला जोड होता आणि इंजिनाच्या जोरावर शेतातली यंत्रे फिरवण्याची सोयही घेता येत होती. आपल्याकडे 1945 सालीच महिंद्र आणि महंमद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले. याच कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपगाड्या जोडायला घेतल्या. पुढे 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि गटविकास कार्यालय म्हटले की दारात कापडी हुडाची जीप, हे चित्र खेड्यापाड्यांत रुजले.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन मी नोकरीला लागलो, तेव्हा अशाच गाडीतून आमच्या फेऱ्या होत. हूड काढला की गाडी उघडी. समोरची काचही बोनेटवर आडवी पडे. बसायला सुख म्हणाल तर नाही. पण आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि चाकाला थापा धरते. तिथे ज्या गाडीची मागचीच दोन चाके ओढतात ती रुतून बसते. जीपचा दुसरा गिअर टाकला की पुढची चाकेही ओढू लागतात, आणि गाडी हळूहळू का होईना, बाहेर निघते.

दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे अशी जीप आहे. नोंदणी 1968 सालची. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली, पुढे डिझेल इंजिन बसवले आणि आरसी बुकात त्याची नोंदही करून घेतली. गेल्या काही वर्षांत ती कोठ्याशेजारी कोंबड्यांची खुराडी होऊन पडली होती. नातवाने ती बाहेर काढली. मोबाईलवर त्याने लग्नाच्या वरातीतल्या नटवलेल्या उघड्या गाड्या पाहिलेल्या. रोहिण्या लागायच्या आधी तो मला म्हणाला, "साहेब, लोकायनं मान वयवून पाह्यलं पाह्यजे, अशी बनवतो."

अकोल्याच्या मिस्त्रीने त्याला यादी दिली होती. रुंद टायर, चकचकीत रिम, गाडी बसकी दिसावी म्हणून पाटे कमी करणे, पुढचा शाफ्ट आणि दुसरा गिअर काढून टाकणे, मागचा हूक कापणे. खर्च दीड लाख. पैसा कुठला? तर पीककर्जाचा. आणि वसुली लग्नाच्या भाड्यातून.

त्याचे वडील गप्प होते. पोराच्या अंगात खूप वर्षांनी हुरूप आलेला, तो मोडवेना. आणि बियाण्याचा पैसा जाताना पाहवेना. तेवढ्यात आजी ओसरीवरून म्हणाली, "काहून रे बापू, पोयाले आपन बैलाच्या शिंगाले बेगड लावतो. म्हून त्याच्या खांद्यावरचं जू चुलीत घालतो का?"

माझे अर्धे काम तिथेच झाले. उरलेले मी कागदावर मांडले. खाजगी नंबरची गाडी भाड्याने देता येत नाही. त्याला वेगळा परवाना लागतो, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई अडकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफारही चालत नाहीत. 2021 साली केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची नोंदणी आणली आहे खरी, पण ती चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या गाडीला. आणि तशी गाडी प्रदर्शनाला किंवा जुन्या गाड्यांच्या फेरीला न्यायची, रोजच्या कामाला नाही. म्हणजे कपाटातली पैठणीच.

मग मी त्याला पंचांग दाखवले. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. म्हणजे वरातीची गाडी जे चार महिने उभी राहणार, नेमक्या त्याच महिन्यांत शेताच्या वाटेवर चिखल असतो. आणि चिखल वाळला की लग्नसराई. दोन्ही कामांची एकमेकांशी टक्करच नाही! मात्र पुढची चाके ओढती राहिली पाहिजेत.

पोरगा समजदार निघाला. पुढचा शाफ्ट, गिअर, हूक राहिले. टायर मूळ मापाचे, 6.00-16, खोल नक्षीचे घेतले. अरुंद टायरने स्टिअरिंगवर आणि बेअरिंगवर जादा ताण येत नाही. पत्रा ठोकून मूळचाच रंग दिला, नवा कापडी हूड शिवला, गाद्या बदलल्या. हे सारे त्याने हरभरा विकून आलेल्या पैशांत, दोन हप्त्यांत केले. पीककर्ज बियाण्याला आणि खताला लागले. नोंदणीची मुदत त्याने अमरावतीच्या आरटीओत जाऊन वाढवून घेतली.

आता श्रावणात ही गाडी फवारणीसाठी गोड्या पाण्याचे ड्रम शेतावर नेते. त्यांचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात औषध नीट काम करीत नाही, म्हणून गावच्या नळाचे पाणी न्यावे लागते. रुतलेला टेम्पो ओढायलाही तिलाच बोलावतात. आणि मागच्या वैशाखात बहिणीच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून, हूड काढून, झेंडूच्या माळा लावून मारुतीच्या देवळापर्यंत आला. लोकांनी माना वळवून पाहिले. भाड्याच्या गाडीचा खर्च वाचला, तो मुलीच्या नावावर टाकला.

हौस करू नये असे मी कधीच सांगणार नाही. हौसेवाचून खेड्यातले घर सुने वाटते. फक्त हौसेपायी वस्तूचे हातपाय कापू नयेत, आणि पेरणीचा पैसा तिच्यात घालू नये. पोळ्याला आपण बैल सजवतो, कारण तो वर्षभर राबतो. गाडीचेही तसेच, घराचेही तसेच. तुमच्या कोठ्यात एखादी जुनी गाडी पडून असेल, तर आधी तिच्याकडून कोणते काम होईल ते पाहा. रंग कोणता द्यायचा, ते मग पोरांना ठरवू द्या.