भेगाळणारी माती

उन्हाळ्यात आमच्या बीड जिल्ह्यातील काळ्या रानाला भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. पाणी शोषून फुगणारी व वाळताना आकसणारी चिकणमाती हे त्याचे कारण. मुलतानी मातीचा स्वभावही असाच आहे.

माझी १५ वर्षांची भाची मुरुमांमुळे तोंडावर ओढणी घेऊनच घराबाहेर पडे. "मावशी, लेप कडक वाळला की सगळं तेल निघतं ना?" तिने विचारले. मी तिला शेतातील भेग दाखविली. "रान तडकतं, तशी कातडीही ओढली जाते, बाळा."

मग आम्ही लेप ठरविला. चाळलेली मुलतानी माती २ चमचे आणि दह्यासारखे दाट होईल इतके गुलाबपाणी. लिंबू व खाण्याचा सोडा वर्ज्य, कारण दोन्ही झोंबतात. रानातील माती मुळीच नको. तिच्यात रोगजंतू असतात. लेप प्रथम कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहावी. चेहऱ्यावर तो आठवड्यातून एकदाच लावावा आणि ८-१० मिनिटांत, ओलसर असतानाच धुवावा. उरलेला लेप साठवू नये.

माती वरचे तेल टिपते. मुरुमांचे मूळ मात्र वाढत्या वयातील संप्रेरकांत आणि बुजलेल्या रंध्रांत असते. दुखऱ्या गाठी आल्यास डॉक्टरांकडेच जावे, म्हणजे पुढचे व्रण टळू शकतात.

"मुरूम म्हणजे अस्वच्छता नव्हे आणि कसली शिक्षाही नव्हे," हे मी तिला आवर्जून सांगितले. मुरूम अजून आहेत. परंतु परवाच्या आठवडी बाजारात ती ओढणी खांद्यावर टाकून माझ्याबरोबर चालत होती.