ज्युरीपुढचे समालोचन आणि अपील

मुळशी तालुक्यातला खुनाचा खटला आज पुण्याच्या सत्र न्यायालयात चालतो. न्यायाधीश कारणांसह निकालपत्र लिहितात. अपिलात उच्च न्यायालय ती कारणे आणि पुरावा दोन्ही तपासते. पूर्वीच्या खटल्यांतली ज्युरी मात्र कारणे देत नसे. दोषी की निर्दोष, एवढेच सांगे. मग चूक शोधायची ती न्यायाधीशाने ज्युरीला कायदा आणि पुरावा समजावून सांगितला, त्या समालोचनात. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ज्युरीच्या निकालावरचे अपील कायद्याच्या मुद्द्यापुरतेच असे. न्यायाधीशाने चुकीची दिशा दिली, किंवा त्याने सांगितलेला कायदा ज्युरीला नीट कळला नाही, आणि त्यामुळे निकाल बिघडला, तरच तो फिरवता येई. समालोचनात जे राहून गेले, त्यालाही म्हणूनच मोठे मोल होते.

१८९७मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कलमातली अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असे ज्युरीला सांगितले. ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाला परवानगीच नाकारली. इतक्या सैल व्याख्येची पुरती छाननी व्हायलाच हवी होती.

समालोचनाची तशी छाननी पुढे, वेगळ्या मुद्द्यांवर, नानावटी खटल्यात झाली. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा गोळ्या लागून मरण पावला. खुनाचा आरोप नानावटींवर होता; झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्या, असा त्यांचा बचाव होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते न पटल्याने त्यांनी त्याच संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि तिथे त्यांचेच समालोचन सदोष ठरले. अपघाताचा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, हे ज्युरीला सांगितलेच नव्हते. त्या अपवादाच्या अटी उलगडल्या नव्हत्या. नानावटींच्या पत्नीने आहुजाला लिहिलेली पत्रे वाचून दाखवली नव्हती.

यातला भाराचा मुद्दा सर्वांत नाजूक. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी अखेरपर्यंत सरकारपक्षाचीच. आरोपीला अपवाद पुरता सिद्ध करता आला नाही, तरी त्याच पुराव्याने हेतूविषयी वाजवी शंका उभी राहिली तर तो सुटू शकतो. हे दोन भार सामान्य नागरिकाला वेगळे करून सांगणे कठीण आहे, पण त्यावाचून ज्युरीचे मत कायद्यावर उभे राहत नाही.

समालोचनातल्या चुकीने निकाल बिघडला असेल तर उच्च न्यायालय सगळा पुरावा स्वतः तोलू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ठरवले. आहुजा नुकताच न्हाणीघरातून आला होता आणि त्याच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता. झटापटीत तो तसा राहणे संभवत नव्हते. उच्च न्यायालयाने नानावटींना दिलेली जन्मठेप कायम झाली.